मंगळावरच्या तलावाचा सांडवा

आमचं 'उल्कापत्र' वर्षातून दोनदा निघतं. साठ प्रती, झेरॉक्स काढून हाताने दोरा घातलेल्या. गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे इंद्रकुमार सर संपादक, आणि विज्ञानकथांचे वेड असलेले आम्ही वीस-पंचवीस जण. दिवाळीनंतर एकदा सगळे गोंदियाला जमतो. त्या मेळाव्याचा नियम कडक आहे. कथा सर्वांसमोर वाचायची, ऐकणाऱ्यांनी तिच्यातली चूक काढायची, आणि लेखकाला उत्तर देता आलं नाही तर कथा अंकातून बाद.

माझ्या तीन कथा अशाच बाद झाल्या. पंचविसाव्या अंकात तरी आपलं नाव यावं, असं फार वाटत होतं.

यंदा सभागृह मिळालं ते नेमकं सोमवारी. सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते, त्याला चौदा वर्षं झाली. सरांनी फोनवर समजावलं, एक दिवस बोललात तर महादेव रागावणार नाही. तो रागावत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण शब्द मी दिलेला आहे. शेवटी ठरलं, कथा दुसऱ्याने वाचावी आणि उत्तरं मी पाटीवर लिहावीत.

वाचायला थोरल्या जाऊबाई आल्या, जमुनाबाई. सप्ताहात पोथी त्याच वाचतात. माहेर केशोरीचं, घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्या तिरोड्याला गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तू बोलून नाही राह्यलीस तं आज माहंच ऐकावं लागते तुले."

माझी कथा मंगळावरच्या वस्तीची. तिथे जमिनीखालचा बर्फ यंत्राने वितळवून, वर काचेचं छत घालून लोक तलाव बांधतात. आठवड्यातून एक दिवस सगळी वस्ती मौन पाळते, यंत्रालाही कुणी हात लावत नाही, ते आपलं चालू राहतं. जाऊबाईंनी ती पोथीच्या सुरात वाचली. मागे कुणीतरी हात जोडले, तेव्हा थोडा हशा झाला.

मग प्रश्न. आमच्यातला हिमांशू पोरकटपणे विचारतो, पण अभ्यास पक्का. म्हणाला, तिथे हवा विरळ, पाणी उकळून उडून जाईल. मी लिहिलं, छताखाली हवा दाबून भरली आहे, पान दोन. शेजारच्या दुर्गेश्वरीने पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, मातीचं विचारलं, तेही उत्तर जमलं. सर म्हणाले, आणखी कुणी नसेल तर कथा घेतली. मी पाटी मांडीवर ठेवली.

तेवढ्यात जाऊबाईंनीच हात वर केला.

"सांडवा कुठी आहे?"

सर म्हणाले, मंगळावर पाऊस नाही, सांडव्यातून बाहेर सोडायला जास्तीचं पाणी येणार कुठून?

"पाऊस नाही, पर मशीन तं चालू आहे ना. सारे चूप बसून राह्यले, मशीन बर्फ वितळवून राह्यली. तलाव भरला का पानी जाईल कुठी? पाळ फोडूनच जाईल." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाऊ माही आहे, पर पाळ फुटली तं फुटली."

यंत्र आपोआप बंद होतं, असं लिहिता आलं असतं. पण तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं, की ते माणसाने बंद केल्याशिवाय थांबत नाही. चौदा वर्षं मौन पाळते, पण त्या दिवशी घरातली चूल कोण बघतं, हे मनात आलंच नव्हतं. ती जाऊबाई बघतात.

मी पाटी पुसली आणि लिहिलं, "बरोबर आहे." सरांनी यादीतून कथा काढली.

परतीच्या गाडीत दिवे लागले. मी महादेवाचं नाव घेतलं आणि मौन सोडलं.

"बाई, सांडवा पाळीच्या कोणत्या अंगाला काढतात?"

त्यांनी माझ्या मांडीवरची पाटी ओढून घेतली.

"आधी जमीन कोनीकडे उतरते थे सांग," म्हणाल्या, आणि खडू मागितला.