अंदाजे साहेब

पहिला ठोसा माझ्या नवऱ्याने मारला. दुसराही त्यानेच. अंदाजे साहेबांचा चष्मा फुटला, ओठ फाटला आणि रक्ताबरोबर एक दात मातीत पडला. शाळेच्या पटांगणात सगळी गल्ली उभी होती, पण सोडवायला एकही माईचा लाल पुढे आला नाही. मीही नाही. मला तरी त्यांचा कुठे कमी राग आला होता!

कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळली होती. आम्हाला घराबाहेर काढून शाळेत आणून टाकलं, आणि परत कधी जायचं ते हे साहेब ठरवणार. पेट्रोल मातीत किती मुरलं, खालच्या पाण्यावर किती तरंगतंय, किती विरघळलं, वाफ किती झाली, हे सगळं ते पेट्रोलमधल्या एकेका घटकाच्या गुणधर्मांवरून काढत. मोजायचं यंत्र अजून यायचं होतं. म्हणून गल्लीने त्यांना हे नाव पाडलं.

"तुमच्या तळघरात वाफ साचली असणार," ओठ पुसत ते म्हणाले. "हवेपेक्षा जड असते ती. भट्टी पेटवलीत तर उडाल."

"असणार? वास तर कधीच गेला."

"नाक सरावतं. अंदाज आहे माझा."

"तुझ्या अंदाजापायी माझी बेकरी बसवतोस होय रे?" नवऱ्याने खिशातली काडेपेटी चाचपली आणि तडक निघाला. त्याचं डोकं फिरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. साहेब त्याच्यामागे धावले, त्यांच्यामागे मी.

वीज तोडलेली होती. नवऱ्याने तळघराचं दार उघडलं आणि उजेडासाठी काडी काढली. साहेबांनी पाव काढायचं लाकडी फावडं उचललं आणि त्याच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचं मला रस्त्यावर ऐकू आलं. तरी तो डाव्या हाताने पडलेल्या काडेपेटीकडे सरकला. मग आणखी एक घाव, आणखी एक. नवरा गुरासारखा ओरडत होता आणि साहेब रडत रडत मारत होते.

मग बंबवाले आले आणि वाफ निघून जावी म्हणून त्यांनी तळघराच्या खिडक्या फोडल्या. यंत्र दुसऱ्या दिवशी आलं. तोवर आत वारा खेळून गेलेला. यंत्रात काहीच दिसेना. झालं, गल्ली म्हणाली, काही नव्हतंच. साहेबांची नोकरी गेली. नवऱ्याचा उजवा हात वाकडा राहिला. आता पीठ मी मळते आणि तो गल्ल्यावर बसून साहेबांचा उद्धार करतो.

परवा साहेब बाजारात दिसले. मी वाट अडवली.

"एकच सांगा. उडाला असता का तो?"

"बहुतेक."

"नक्की?"

"नक्की नाही सांगता येणार, बाई. तेव्हाही येत नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा 'हो' म्हणायला काय जीभ झडत होती मेल्याची?

घरी आले. नवऱ्यासमोर चहा ठेवला.

"ते साहेब भेटले होते. नक्की उडाला असतात म्हणाले. तुम्ही, आणि मागे धावलेली मीसुद्धा."

त्याने वाकडा हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर घेतला आणि बाळाला थोपटावं तसा थोपटत राहिला.