अबोल्याचा महिना

मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस ओढणाऱ्या माणसाला दम लागला, तर आमच्या गल्लीत कुणी वळूनसुद्धा बघत नसे. आठवडी बाजाराच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळायची, चार दिवसांत मोकळी व्हायची. धूळच ती! बायका गुळाचा खडा हातावर ठेवत आणि आपल्या कामाला लागत. मीही तेच करत आले, आणि त्याचा मला अजून स्वतःचाच राग येतो.

त्या साली पावसाळ्यासाठी जिन बंद होऊन दोन महिने झाले, तरी आमच्या ह्यांचा दम काही ओसरेना. मुरली असेल धूळ, असं म्हणून मी सोडून दिलं. त्यातच आषाढात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला न विचारता हे आमच्या लेकीची, शालूची सोयरीक चिखलीला पक्की करून आले होते. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी आपली खाट ओसरीवर नेली. आडवे म्हणून होत नसत, सरकीच्या पोत्याला टेकून नुसते बसलेले. म्हटलं, बसा रुसून! ताठा मलाही काही कमी नव्हता. ताट सरकवायचं आणि तोंड फिरवायचं, असा महिना गेला. ताटात आंब्याचं लोणचं मात्र मी रोज वाढत होते, कारण ते ह्यांना फार आवडायचं.

एके सकाळी विहिरीवरून बादली आणताना हे मध्येच दगडावर बसले. ओठ निळे पडले होते. शेजारचे वहाबभाई टांगेवाले, त्यांनी लगेच घोडा जोडला आणि आम्हाला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना.

"किती दिवस बसून झोपतात हे?" त्यांनी मला विचारलं.

"महिना झाला. पण ते रागानं बसते, साहेब. माह्यावर रुसले हायेत."

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, हा धुळीचा दमा नाही. ह्यांचं हृदय थकलंय. आडवं झालं की छातीत पाणी साचतं, जीव गुदमरतो, म्हणून बसतात. मीठ बंद करा. लोणचं तर नकोच. आधी आणायला हवं होतं."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परतताना टांग्यात मी विचारलं, "मले सांगतलं काऊन नाही तुमी?"

हे बराच वेळ धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "तू बोलत नव्हती... ते बरंच व्हतं. जबाब द्याले... दम नव्हता माह्याजवळ."

मी पदर तोंडात कोंबून रडले. वहाबभाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

हे दिवाळीपर्यंतच जगले. तेवढे दिवस मी ह्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि गल्लीतलं, बाजारातलं, शालूच्या होणाऱ्या सासरचं सगळं एकटीच बोलत राहायची. उत्तर मात्र ह्यांना एकदाही मागितलं नाही.