चाळीस मैलांची साक्ष

नथूची मोटारसायकल सपाटीला ताशी पंचवीस मैलांच्या वर कधी गेली नाही, हे आमच्या अख्ख्या भरे गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक नथू, दुसरा मी. फाट्यावर माझं हॉटेल. गाडी वळणावर दिसल्यापासून दारात येईपर्यंत माझा चहा उकळून गाळून व्हायचा.

नथू वरच्या वाडीतला. पुण्यात सहा वर्षं गॅरेजात राबला, लष्करी लिलावातल्या तीन मोडक्या गाड्यांची एक चालती गाडी केली आणि तिच्यावर बसून गावात आला. कोणी विचारलं, "किती पळती रं?" की म्हणायचा, "चाळीस." आठवड्याभरात त्याचा चुलता कोंडिबा पंचेचाळीस सांगत फिरायचा. कोंडिबाच्या सांगण्यातून मैलाच्या आठ फर्लांगांमागं पाच वजा करावेत असा माझा ठोकताळा होता, पण तो मी कधी बोलून दाखवला नाही. ती गाडी दारात असली की माझी बाकडी भरत, आणि भरल्या बाकड्यांशी मी वाद घालत नाही.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात नथू एस्टीच्या ड्रायव्हरच्या परीक्षेत पास झाला. वाडीतून पगारी नोकरीला लागणारा तो पहिलाच. आता फक्त चालचलणुकीचा एक कागद भरून पाठवायचा होता. नेमकं त्याच आठवड्यात पिरंगुटच्या घाटात त्याला पोलिसांनी धरलं. वरच्या फर्लांगाच्या दगडाशी एक शिपाई तांबडं फडकं घेऊन, खालच्या दगडाशी दुसरा घड्याळ घेऊन. एक फर्लांग अकरा सेकंदांत. म्हणजे ताशी चाळीस मैल. घाटात मुभा विसाची.

"तुझी गाडी आणि चाळीस?" मी विचारलं.

"इंजिन बंद होतं, शेट. पेट्रोल वाचवाया उतारावर बंदच करतू मी. वजनानं सुटली."

"मग कोर्टात तसंच सांग."

"डायव्हरकी मागाया निघालोय, आन इंजिन बंद करून घाट उतरतू म्हनून सांगू?"

गुन्हा कबूल केला तर थोड्या दंडावर सुटका होती. पण त्या कागदावर विचारलं होतं, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय. दंड ही शिक्षाच. तेव्हा उरला एकच मार्ग: गाडी मुळात एवढी पळतच नाही, असं तिघांनी शपथेवर सांगायचं. कोंडिबा, घाटात मेंढरं चारणारा गेणबा, आणि मी.

आदल्या दिवशी हॉटेलात नथूनं आम्हाला पढवलं. "गाडी हळू हाय, एवढंच बोला."

कोंडिबाचा चेहरा उतरला. "कोर्टात खोटं बोलायचं?"

"खोटं न्हाई, काका. खरंच हळू हाय ती."

कोंडिबानं त्याच्याकडं मायेनं पाहिलं. "बरं बाबा. तुझ्यासाठी बोलतू खोटं."

तिथंच मी ओळखायला हवं होतं.

पौडच्या कोर्टात सरकारतर्फे बोलणारा जमादार मुरलेला होता. कोंडिबानं गाडी हळू असल्याचं सांगितल्यावर त्यानं दरडावलं नाही, उलट आवाजात दया आणली. "म्हणजे बाबा, तुमच्या पोरानं भंगार गोळा केलंय म्हणा की. सायकलवाला पण पुढं जात असंल."

कोंडिबानं डोक्यावरचा पटका सारखा केला.

"आमच्या पिरंगुटात बैलगाडी बरी पळती म्हणायची."

"भंगार?" कोंडिबा म्हणाला. "सायेब, ह्या गाडीनं एस्टीला मागं टाकलंया. पौड रोडला तिच्या तोडीची न्हाई." नथूकडं बघून तो थबकला. मग मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं वळून खाली मानेनं म्हणाला, "शपथ घेतलीया. किती येळ खोटं बोलू?"

गेणबाला तर डिवचावंही लागलं नाही. आधीच्यानं गाडीची एवढी तारीफ केल्यावर त्यानं कमी कशाला सांगावं? "मेंढरू मान वळवून बघतंय तवर गाडी पार," तो म्हणाला.

मग मी. मी म्हणालो, "साहेब, सपाटीला ती पंचवीसच्या वर जात नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हे दोघे शपथेवर खोटं बोलले काय?"

मी मागं पाहिलं. बाकावर दोघं शेजारीशेजारी बसले होते, काम चोख झालं अशा तोंडानं. हो म्हणावं तर दोघं खोट्या साक्षीत अडकतात. नाही म्हणावं तर नथू. नथू माझ्याकडं पाहत नव्हता, खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडं पाहत होता.

"मी दिवसभर चुलीपुढं असतो, साहेब," मी म्हणालो. "रस्त्यावरचं मला नीट दिसत नाही."

दंड पंधरा रुपये.

संध्याकाळी नथू कागद घेऊन आला. सरकारी कागद तो माझ्याकडूनच लिहून घ्यायचा. नाव, गाव, वय लिहून झालं. शिक्षेच्या रकान्याशी माझी लेखणी थांबली.

"न्हाई लिवलं तर?" त्यानं विचारलं.

"कोर्टातून विचारून घेतील. मग लबाडीचा ठपकाही लागेल."

"मग व्हय लिवा."

मी 'होय' लिहिलं. कागद टपालानं परतला, अकराव्या दिवशी, दोन ओळींचं नकाराचं पत्र लावून. नथूनं ते घडी करून गाडीच्या सीटखाली ठेवलं.

बाहेर नवी गिऱ्हाइकं बसली होती. कोंडिबा त्यांना गाडी दाखवत होता. "आमी सांगत हुतो तवर कुनाला पटत नव्हतं. आता सरकारनंच लिवून दिलंया. चाळीस."

"खरं का रं, नथू?" एकानं विचारलं.

नथूनं किक मारली. गाडी तिसऱ्या किकेला लागली.

"व्हय," तो म्हणाला.

तो वळणाआड होईपर्यंत माझा चहा उकळून गाळून झाला.