बकासुराला मागे बसवा

माझा अँटेना संगणकावरच्या चाचणीत नापास झाला, अर्धी ताकद वाया जाते, असं ऑफिसात सरांनी जेवणाच्या सुट्टीआधी जाहीर केलं. मी म्हटलं, तो नापास होणाऱ्यातला नाही.

ही फुशारकी नव्हती. तो बसणार होता कोटाच्या बटणाएवढ्या यंत्रात. ते गळ्यात घालायचं, पडलात की दाबायचं, घरच्यांचा फोन वाजतो. आमचे बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा आधीचं मोठं यंत्र खुंटीवर लटकत होतं. "गळ्यात घंटा बांधायला मी काय बैल आहे?" हे त्यांचं म्हणणं. लहान केलंस तर घालीन, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला होता. आणि आता सर म्हणत होते, मोठाच अँटेना बसवू. म्हणजे परत खुंटी.

"अर्धी ताकद जाते कुठे, ते तरी दाखवा," मी म्हटलं. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

संगणकात अख्खं आकाश मावत नाही. म्हणून अँटेनाभोवती एक खोका आखायचा आणि त्याच्या भिंतींना लहरी गिळून टाकणारा थर द्यायचा. लहर आपटून परत फिरत नाही, अँटेनाला वाटतं आपण मोकळ्या रानात आहोत. या थराला आम्ही बकासुर म्हणतो. खाण्यात पटाईत, पण त्याला लांब बसवावं लागतं.

मी भिंतीचं अंतर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सर, हा खोका जुन्या यंत्राचा आहे."

"हो, वेळ वाचावा म्हणून तोच घेतला. तिथे उत्तम चालला होता."

"त्याची लहर बोटभर होती, याची हातभर आहे. बकासुर अँटेनाला खेटून बसलाय. लहर अजून सुटलीसुद्धा नाही, तोवर हा ताटातलं उचलतोय."

सर हसले. "म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत तू भिंत सरकवत बसणार?"

बोचलं मला, पण प्रश्न रास्त होता. "एकदा सरकवते, मग आणखी एकदा. दुसऱ्यांदा उत्तर हललं तर मोठा अँटेना घ्या. मी तोंड उघडणार नाही."

पहिल्यांदा सरकवली तशी गेलेली ताकद परत आली. दुसऱ्यांदा खोका एवढा वाढला की संगणक घरघरायला लागला. आलेखातली नवी रेघ आधीच्या रेघेवर अशी बसली की दोन आहेत हे सांगावं लागलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "लहानच करू."

नमुना हातात आला त्या दिवशी मी तो बाबांच्या गळ्यात घातला. "हं," एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तोच माझा फोन वाजला. हातातलं टाकून धावले. बाबा न्हाणीघरात फरशीवर आडवे होते.

"घाबरू नकोस, पडलो नाही. भिंतीपलीकडे पोचतं का बघत होतो."

"बाबा, कॉम्प्युटरवर दोनदा तपासलं होतं मी."

"कॉम्प्युटर फरशीवर निजला होता का?" त्यांनी हात पुढे केला. "उठव आता. गार लागतंय."