पत्रेमामांची चूल

"मामा, तुम्ही नेमके आहात तरी किती?" जनगणनेला आलेल्या बाईंनी उंबऱ्यातूनच विचारले.

पत्रेमामांनी गळक्या बादलीवरून मान वर केली. साऱ्या गावाच्या बादल्या, डबे, पन्हळी दुरुस्त करणाऱ्या या माणसाला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. "दिसतोय तेवढाच, बाई."

"तेवढाच कसा? विणकराकडे तुम्ही चुलते, कुंभारणीकडे भाऊ. सुताराची आई तर म्हणाली, लिहा, माझा थोरला!"

"अहो, तिच्याहून मी चारच वर्षांनी लहान!"

"हसू नका. तुमच्या एकट्यामुळे गावाची लोकसंख्या फुगलीय. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा नियम आहे. तुमची चूल कोणती?"

मामांचे हसू मावळले. त्यांच्या खोलीत चूल नव्हतीच. तरुणपणी पाण्याच्या टाकीच्या कामावर ते या गावात आले, तापाने अंथरुणाला खिळले आणि बाकीचे कामगार त्यांना मागे टाकून निघून गेले. तेव्हा कुंभारांनी सकाळचे, विणकरांनी दुपारचे आणि सुतारांनी रात्रीचे जेवण वाटून घेतले. ताप उतरला, वाटणी तशीच राहिली. पुढे बांधावरून विणकर आणि सुतार यांच्यातले बोलणे तुटले, पण मामांचा डबा दोन्ही घरांतून येत राहिला.

"एकच घर सांगा," बाई म्हणाल्या. "बाकीच्या दोन ठिकाणचं मी खोडते."

मामांनी हातातली बादली खाली ठेवली. जन्मभर ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांतल्या कोणत्या दोन दारांना सांगायचे की मी तुमचा नव्हे? त्यातून विणकराचे नाव घेतले तर सुतार म्हणणार, गेला शेवटी त्यांच्या बाजूला.

गळक्या भांड्यांचे जोड सांधायला डाग देण्याची कांब ज्या शेगडीवर तापे, ती त्यांनी पुढे ओढली. निखारे फुंकले आणि पातेले विसळून चहाचे आधण ठेवले.

"ही माझी चूल. मला वेगळा लिहा."

"हिच्यावर कधी काही शिजवलंय का?"

"आता शिजवतोय की."

चहाला धुराचा वास होता. बाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि मगच लेखणी उघडली.

ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? दिवेलागणीला सुताराची म्हातारी काठी टेकत आली.

"वेगळा निघालास म्हणे. आईला विचारलंस?"

"रागावलीस?"

"रागावले असते तर डबा आणला असता का? सरक तिकडे."

मागोमाग कुंभारीण आली. तिची पाळी सकाळची, तरी आली. सर्वांत शेवटी विणकर आला आणि म्हातारीला पाहून दारातच थबकला.

"आत ये रे," म्हातारी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "डबा निवतोय."

विणकर आत येऊन भिंतीला टेकून बसला. बांधाचा विषय कोणी काढला नाही. पोट केव्हाच भरले होते, तरी मामांनी तिन्ही डब्यांतले संपवले.

सगळे गेल्यावर त्यांनी डबे घासून ओळीने पालथे घातले. कोणता कोणाचा, हे त्यांना विचारावे लागत नसे. तिन्हींच्या बुडाशी त्यांच्याच हातचे जोड होते.