रिठदचा मोबाइल आणि हरीओमची तब्येत

मित्रांनो, लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या संशोधनात ज्यांनी मोलाची भर घातली, त्यांपैकी मी एक जुना बटनांचा मोबाइल आहे. माझे पाचचे बटन दबत नाही आणि मागचे झाकण रबराने बांधलेले आहे.

वाशीमच्या दुकानातून पुंजाजीने मला आणले आणि रिठद गावी आपल्या आईला, चतुराबाईंना दिले. ओसरीच्या खुंटीला टांगलेली पिशवी हे माझे घर.

पुंजाजीचा मुलगा हरीओम तान्हा असताना दूध पिताना घामाघूम व्हायचा. त्याच्या हृदयाला छिद्र होते. नागपूरच्या एका इस्पितळात ऑपरेशन झाले. तिथे अशा प्रत्येक मुलाची रजिस्ट्रीत नोंद होते. कोणत्या वयात, किती वजनावर छिद्र बुजवले आणि पुढे मूल कसे राहिले, हे अनेक इस्पितळे एकत्र लिहून ठेवतात. त्यावरून पुढच्या मुलांचे ऑपरेशन कधी करायचे ते ठरते. पुंजाजी सिमकार्ड सारखे बदलायचा, म्हणून त्याने माझा नंबर दिला.

नोंदी ठेवणारी रेणू अधूनमधून फोन करू लागली.

"आजी, हरीओम कसा आहे?"

हरीओम तेव्हा शेजारच्या बकरीमागे धावत होता. चतुराबाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

"कायचा कसा वं बाई. काडी झाला. जेवतच नाही."

"धाप लागते का?"

"लागते ना."

गावाला वळसा घालून आल्यावर ती कोणालाही लागते. चतुराबाईंना कोणाला फसवायचे नव्हते. आमच्याकडे लेकराला धडधाकट म्हणणे म्हणजे नजरेला घरचा पत्ता देणे. पलीकडे रेणू सगळे टाइप करत असे. बाकीचे बरेच नंबर बंद येतात, तुमचा मात्र नेहमी लागतो, असे म्हणून तिने माझे कौतुकही केले. माझा ऊर भरून आला.

इतर घरांतल्या आज्याही हेच सांगत होत्या. शेवटी रजिस्ट्रीतून निष्कर्ष निघाला, की कमी वजनावर ऑपरेशन केलेली आमच्या भागातली मुले पुढे अशक्त राहतात. तेव्हा आधी वजन वाढू द्यावे.

शेजारच्या भागवतची निकिता तेव्हा चार महिन्यांची होती. तिच्याही हृदयाला छिद्र होते. दोन घोट पिऊन ती थकून जायची. इस्पितळातून परतल्यावर भागवत ओसरीवर येऊन बसला.

"काकू, वजन वाढल्यावर या म्हन्तात. छिद्र हाय म्हनून वजन वाढत नाही, अन् वजन नाही म्हनून छिद्र बुजवत नाहीत. पोरगी तवरोक राह्यते का?"

"काहून असं?"

"आपल्या इकडची लेकरं ऑपरेशन करून सुदरत नाहीत म्हने. घरोघरी फोन करून इचारलं त्याईनं."

चतुराबाई उठून खुंटीपाशी गेल्या. मग त्यांनी मला पिशवीतून काढून भागवतच्या हातात दिले.

"लाव त्या पोरीले फोन."

हरीओमला त्यांनी घरात कोंडले. तोंडाला पदर लावला.

"आमचा हरीओम चांगला हाय. दोन भाकरी खाते. झाडावर चढते. लिव्हलं का? आता पुन्हा मले बोलाले लावू नको."

"आजी, मग इतके दिवस उलटं का सांगितलं?"

"तुले लेकरू हाय का?"

"मुलगी आहे."

"कशी हाय?"

रेणूचे टाइप करणे थांबले.

"काय सांगू आजी," ती म्हणाली, "काहीच खात नाही."

मग तिने हे सगळे डॉक्टरांच्या कानावर घातले.

त्यानंतर ऑपरेशन झालेल्या मुलांना गावोगावी प्रत्यक्ष तपासले गेले. बहुतेक मुले ठणठणीत निघाली. निष्कर्ष मागे घेतला गेला आणि निकिताचे ऑपरेशन झाले. चतुराबाईंनी मीठमिरची हरीओमवरून ओवाळली, निकितावरून ओवाळली आणि माझ्यावरूनही ओवाळली. तेव्हापासून माझे सातचे बटनही चिकटते.

मित्रांनो, माझे थोडेच दिवस राहिले आहेत. एकच विनंती आहे. तुमच्या लेकराची तब्येत कोणी लिहून घेत असेल, तर खरी सांगा. त्या उत्तरावर शेजारचे लेकरू अवलंबून असते.

परवा निकिता कशी आहे हे विचारायला रेणूचा फोन आला. निकिता अंगणात मूठभर माती तोंडात कोंबत होती.

"कायची बरी वं बाई," चतुराबाई म्हणाल्या.

रेणूने ते लिहून घेतले नाही. रजिस्ट्रीत आता अंगणवाडीच्या वजनकाट्यावरचा आकडा लिहितात.