हरणाबाईचं जेवण

मिरजेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हरणाबाईला सगळे मावशी म्हणत. मावशी म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं?

यशराजला सांभाळायला ठेवताना अंकितानं तिला दोन नियम सांगितले होते. डबा आपला आपण आणायचा आणि खाली पार्किंगमध्ये बसून खायचा, कारण खर्ड्याचा वास घरात कोंडतो. आणि दोन वर्षांच्या पोराला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. हॉलमध्ये कॅमेरा होता. आता पोराला न सोडता खाली जेवायला जायचं कसं, हे बँकेत अधिकारी असलेल्या अंकिताला सुचलं नाही आणि साखर कारखान्यात इंजिनिअर असलेल्या तिच्या नवऱ्याला, वीरधवललाही नाही. एवढं शिकून डोकी कुठं गहाण ठेवली होती, देव जाणे.

पोराला घेऊन खाली बसू का, असं हरणाबाईनं एकदा विचारलं. तिथं धूळ असते म्हणे. मग स्वयंपाकघरात बसू का? अंकिता म्हणाली, बघू. मोठ्या लोकांचं बघू म्हणजे नाहीच, हे जतकडच्या मेंढरांमागं वाढलेल्या बाईलाही कळतं.

असे चार महिने गेले. सकाळी आठला आणलेला डबा संध्याकाळी तसाच घरी जाई. दिवसभर ती यशराजला मऊ भात भरवी, फळं कुस्करून देई, आणि स्वतः पाणी पिऊन राही. परवा त्याला कडेवर घेऊन बाल्कनीत उभी असताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कठडा धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं केलं, की दुपारी बसून चार घास खायचे, नाहीतर हे काम सोडायचं. उपाशी अंगावर दुसऱ्याचं लेकरू घेणं तिला पाप वाटायला लागलं होतं.

ती हे बोलणार, एवढ्यात यशराजनंच जेवण टाकलं. दोन दिवस तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, काही नाही, दात येतायत. पण पलूसहून त्याची आजी शालूबाई आली. तिनं हरणाबाईला आधी हेच विचारलं, की तू जेवतीस कवा?

"सांजच्याला. घरी गेल्यावर," हरणाबाई म्हणाली.

शालूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. भुकेली बाई दिवसभर पोराच्या घासाकडं बघत बसते, नजर लागणार नाही तर काय होईल? उद्यापासून हिला आपल्याकडंच जेवायला घाला, असं तिनं सुनेला बजावलं. हरणाबाईला गंमत वाटली. तिच्या पोटासाठी नाही, पण पोराच्या भीतीनं का होईना, ताट मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट निघालं. दहीभात, भाकरीचा तुकडा. अंकितानंही त्यासाठी अर्धी रजा टाकली होती. हरणाबाई हात धुऊन वळली, तर शालूबाई तेच ताट यशराजवरून तीनदा ओवाळत होती. ओवाळून झालं आणि तिनं ते हरणाबाईपुढं सरकवलं. उतारा टाकायला बाहेर जायला नको आणि बाईचं पोटही भरेल, एका दगडात दोन पक्षी! इंग्रजी बोलणारी सून शेजारी उभी राहून हे बघत होती आणि तिला यात काहीच वावगं दिसलं नाही.

हरणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज चढवला नाही.

"आवं आक्का, उतारा तीन वाटांच्या तिकटीवर ठेवत्यात. मी तिकटी न्हाई, माणूस हाय."

तिनं ताट बाजूला सारलं. पिशवीतून आपला डबा काढला आणि हॉलच्या मधोमध, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली मांडी घालून बसली. हे काम गेलं तर गेलं. भाकरीचा पहिला घास तोंडात घातला, तोच यशराज दुडूदुडू आला, तिच्या मांडीवर बसला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं आ केला.

तिनं घास दिला नाही. अंकिताकडं बघितलं.

"द्या, द्या त्याला," अंकिता घाईनं म्हणाली.

खर्डा न लावता, नुसत्या भाकरीची चतकोर त्यानं संपवली. दोघी बायकांचा जीव भांड्यात पडला. मग अंकिता अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, उद्यापासून तुमच्या डब्यात त्याच्यासाठी एक भाकरी जास्त आणाल का?"

चार महिन्यांत एक घास न देणाऱ्या बाईला मागायला लाज कशी वाटत नाही?

"आणीन की, मॅडम. लेकराचा काय गुन्ना? पर आमच्यात जेवणारं माणूस खाली धुळीत बसवत न्हाईत. त्यो जितं बसंल, तितं मी बसणार, आन् दोघं संगट जेवणार. पटत आसंल तर उद्या येते."

शालूबाई सुनेकडं बघायला लागली. सून पोराकडं बघायला लागली. पोरानं पुन्हा आ केला होता.

अंकितानं हरणाबाईसाठी डायनिंग टेबलाची एक खुर्ची मागं ओढली.